ईमेलवर निवडणूक घ्यायची आहे? मग मतदार यादीपासून सुरुवात करा

मिळून सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एखाद्या स्वयंसेवी गटाचे काम वाढते, थोड्याफार देणग्या येऊ लागतात, सर्व्हरचे बिल कोणाच्या कार्डवरून भरायचे हा प्रश्न तिसऱ्यांदा निघतो आणि मग कोणीतरी म्हणते, "आपण रीतसर एक मंडळ निवडूया." सगळे माना डोलावतात. "निवडणूक घेणार कोण?" असे विचारल्यावर मात्र सगळ्यांना एकदम दुसरी कामे आठवतात, आणि नुकताच आलेला, नाही म्हणायची सवय नसलेला एखादा स्वयंसेवक सापडतो. तो स्वयंसेवक तुम्ही असाल, तर पुढचे सगळे तुमच्यासाठी. मीही असाच सापडलो होतो. आमचा गट पन्नासेक जणांचा, आणि पहिल्या निवडणुकीत करता येतील तेवढ्या चुका मी केल्या.

उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी डेबियन घेतो आहे. ही ऑपरेटिंग सिस्टिम १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक बनवत आहेत. डिसेंबर १९९८ मध्ये त्यांनी स्वतःची लेखी घटना मंजूर केली, आणि १९९९ पासून त्यांचा प्रकल्प प्रमुख दरवर्षी ईमेलने आलेल्या मतांवर निवडला जातो. हजाराच्या आसपास मतदार, कोण कुठल्या खंडात, आणि निम्म्या लोकांनी एकमेकांना कधी पाहिलेलेही नाही. तुमचा गट लहान असेल. अडचणी त्याच असतात.

आधी दोन माणसे शोधा

निवडणूक अधिकारी दोघे हवेत. एकटा माणूस आजारी पडतो, प्रवासात अडकतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्या शब्दाला साक्षीदार नसतो. दोघांपैकी कोणीही उमेदवार नसावे. डेबियनमध्ये हे काम सेक्रेटरीकडे असते, आणि प्रकल्प प्रमुख व सेक्रेटरी ही दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे असता कामा नयेत असे घटनेत लिहिलेले आहे. सोसायटीच्या निवडणुकीत मावळत्या सेक्रेटरीनेच मतपेटी घरी नेली तर जिन्यात काय बोलले जाते, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना याचे कारण सांगायला नको.

या दोघांनी बसून नियमांचे एक पान लिहायचे. जागा किती, मुदत किती, मत कोणाला, पद्धत कोणती, बरोबरी झाली तर काय, निवडून आलेल्याने मध्येच राजीनामा दिला तर काय, तक्रार कोणाकडे आणि किती दिवसांत. हे पान उमेदवारी अर्ज मागवण्याच्या आधी सगळ्यांसमोर गेले पाहिजे. नावे कळल्यानंतर लिहिलेला प्रत्येक नियम कोणाच्या तरी बाजूचा किंवा विरोधातला दिसतो, मग तो कितीही शहाणपणाचा असो. बरोबरी झाल्यास चिठ्ठी टाकायची, हे आधी लिहिले तर नियम असतो आणि निकालानंतर सुचवले तर डाव.

कंपन्यांचे पगारी लोक तुमच्या गटात असतील तर आणखी एक कलम लागेल. लिनक्सवरचा ग्नोम हा डेस्कटॉप ज्यांच्या छत्राखाली बनतो त्या ग्नोम फाउंडेशनच्या नियमांनुसार मंडळातल्या ४० टक्क्यांहून अधिक जागा एकाच कंपनीशी संबंधित लोकांकडे जाऊ शकत नाहीत. असे कलम घालणार असाल, तर मर्यादेबाहेरचा उमेदवार निवडून आल्यास ती जागा कोणाला जाईल हेही तिथेच लिहा.

मतदार यादी: घोडे पेंड खाते ते इथे

पहिल्यांदा काम करणारे लोक मोजणीच्या सॉफ्टवेअरवर आठवडा घालवतात आणि मतदार यादी एका संध्याकाळी आटोपतात. नेमके उलटे करा.

पहिला प्रश्न असतो सदस्य कोणाला म्हणायचे. कोड लिहिणारे तर आलेच. भाषांतर करणारी? दर महिन्याची भेट जमवणारा? नवख्यांच्या प्रश्नांना रात्री अकरा वाजता उत्तरे देणारी? यातल्या कोणाचीही नोंद कोडच्या इतिहासात सापडत नाही, म्हणून "ज्यांचे पाच कमिट (म्हणजे कोडमध्ये नोंदलेले बदल) आहेत ते मतदार" असा सुटसुटीत नियम लिहिला की नेमके हे लोक बाहेर राहतात. डेबियनलाही हे सुचायला वेळ लागला. पॅकेजिंग, म्हणजे सॉफ्टवेअर डेबियनमध्ये बसेल असे बांधून देण्याचे काम, न करता इतर कामे करणाऱ्यांना पूर्ण सदस्य म्हणून घेण्याचा ठराव त्यांनी २०१० मध्ये मतदानाने केला.

आमच्याकडे आम्ही असे केले: मागच्या बारा महिन्यांत कुठलेही काम केले असेल तर स्वतः अर्ज करायचा, काम एका ओळीत लिहायचे आणि आधीच्या एका सदस्याने त्याला दुजोरा द्यायचा. थोडी कटकट होते, पण यादीतल्या प्रत्येक नावाशेजारी कारण असते.

दुसरा प्रश्न शेवटच्या तारखेचा. अमुक दिवसापर्यंत जो सदस्य असेल त्यालाच मत, हा दिवस उमेदवारी सुरू होण्याच्या बराच आधीचा हवा. स्वयंसेवकांनी बनवलेल्या जगाच्या खुल्या नकाशामागच्या ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनच्या मंडळाची निवडणूक तोंडावर असताना, नोव्हेंबर २०१८ मध्ये एकाच दिवसात शंभर नवीन सदस्यांची नोंद झाली, आणि चौकशीत ती सगळी मंडळी भारतातल्या एकाच कंपनीशी जोडलेली निघाली. पैसे भरून कोणालाही सदस्य होता येत होते, त्यामुळे वरकरणी सगळे नियमात. तुमच्या पन्नास जणांच्या गटात शंभर येणार नाहीत; पण एखाद्या उत्साही उमेदवाराने कॉलेजच्या ग्रुपवर लिंक टाकली तर आठ-दहा सहज येतात, आणि तीन जागांचा निकाल बदलायला तेवढे पुरतात.

तिसरे काम पत्त्यांचे. एक माणूस, एक पत्ता. ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात एकाच बाईंची तीन खाती असतात, एक जण नोकरी बदलल्यामुळे जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर पोहोचत नाही, आणि दोन भाऊ एकच पत्ता वापरतात. म्हणून मतदानाच्या किमान तीन आठवडे आधी प्रत्येकाला चाचणीचा मेल पाठवा: "तुमचे नाव मतदार यादीत आहे. हा मेल मिळाला असेल तर 'मिळाला' एवढेच उत्तर द्या." उत्तर न देणाऱ्यांना दुसऱ्या मार्गाने गाठा, चॅटवर, फोनवर, ओळखीच्या माणसाकरवी. आमच्या पहिल्या खेपेला हा मेल गेलाच नव्हता. मतदान संपल्यावर कळले की सहा जणांच्या मतपत्रिका स्पॅममध्ये पडून होत्या. त्यातल्या दोघांनी त्यानंतर गटात तोंड दाखवले नाही.

यादी तयार झाली की नावे जाहीर करा, पत्ते नाहीत. मग सरकारी भाषेत म्हणतात तशा हरकती व सूचना मागवा आणि त्यासाठी एक आठवडा द्या. हा आठवडा संपला की यादी गोठली. त्यानंतर कोणीही कितीही गोड बोलले तरी नाव चढवायचे नाही.

मते मोजायची पद्धत

सगळ्यात जास्त मते ती पहिली, ही पद्धत आपल्या अंगवळणी पडलेली आहे आणि छोट्या गटाला तीच सर्वात जास्त त्रास देते. समजा एक जागा, ६० मतदार, तीन उमेदवार. 'अ'ला २४, 'ब'ला १९, 'क'ला १७. 'अ' निवडून आला. पण 'ब' आणि 'क'च्या मतदारांना 'अ' सर्वात शेवटी हवा होता, आणि 'अ'च्या मतदारांची दुसरी पसंती 'ब' होती. समोरासमोर लावून पाहा: 'ब' विरुद्ध 'अ' म्हणजे ३६ विरुद्ध २४, 'ब' विरुद्ध 'क' म्हणजे ४३ विरुद्ध १७. दोन्ही सामने जिंकणारा 'ब' घरी बसला आणि ३६ जणांना नको असलेला 'अ' खुर्चीवर. मोठ्या देशात असे झाले तर लोक पाच वर्षे चडफडतात. स्वयंसेवी गटात लोक चडफडत बसत नाहीत, काम सोडून जातात.

म्हणून मतदाराला पसंतीक्रम लावू द्या. एकच पद असेल तर वर केली तशी समोरासमोरची तुलना चांगली. तिला कॉन्डॉर्से पद्धत म्हणतात आणि डेबियन तिचीच एक सुधारित आवृत्ती वापरते. 'अ' 'ब'ला हरवतो, 'ब' 'क'ला आणि 'क' पुन्हा 'अ'ला, असे चक्र कधीमधी पडते. ते कसे सोडवायचे हेही त्यांच्या नियमांत आहे.

मंडळाची गोष्ट वेगळी. पाच जागा असतील आणि गटात साठ टक्के लोक एका विचाराचे असतील, तर कॉन्डॉर्सेने पाचही जागा त्यांच्याच पदरात पडू शकतात. मंडळात उरलेल्या चाळीस टक्क्यांचाही आवाज हवा असेल तर एकल संक्रमणीय मताची पद्धत घ्या. नाव अवघड आहे, पण महाराष्ट्रातल्या वाचकाला ती नवी नाही. विधान परिषदेच्या आणि राज्यसभेच्या निवडणुकीत बातम्यांमध्ये 'कोटा', 'पहिल्या पसंतीची मते', 'दुसऱ्या पसंतीची मते' असे जे चालते ते हेच. जून २०२२ मध्ये राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी पहिल्या पसंतीत मागे असलेला उमेदवार दुसऱ्या पसंतीच्या मतांवर पुढे गेला, ती रात्र बऱ्याच जणांना आठवत असेल. कोटा काढायचा तर एकूण वैध मतांना जागांपेक्षा एक जास्त या संख्येने भागा, अपूर्णांक सोडून द्या आणि एक मिळवा. साठ मते, तीन जागा: ६० भागिले ४ म्हणजे १५, अधिक एक, म्हणजे १६. मुक्त सॉफ्टवेअरचे प्रकल्प सांभाळणारे अपाची फाउंडेशन आपले नऊ जणांचे मंडळ याच पद्धतीने निवडते.

हे सगळे समजावून सांगायला वेळ नसेल तर मान्यता-मत आहे: जे जे चालतील त्यांच्यापुढे खूण करा, सर्वाधिक खुणांचे उमेदवार निवडून आले. पायथन या प्रोग्रामिंग भाषेमागचे पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन हेच करते. वीस जणांच्या गटाला माझा सल्ला हाच असेल. नियम एका वाक्यात मावतो आणि मोजणी कोणालाही कागदावर करून पाहता येते.

आणि 'वरीलपैकी कोणी नाही' हा पर्याय ठेवा. आपल्याकडे लोकसभेला नोटाला कितीही मते पडली तरी उमेदवारांपैकी ज्याची मते जास्त तोच निवडून येतो. डेबियनमध्ये मात्र हा पर्याय जिंकला तर निवडणूक पुन्हा. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी याच धर्तीवर फेरनिवडणुकीचा आदेश काढला होता. या पर्यायाचा उपयोग एकच उमेदवार असताना जास्त होतो. २०२३ मध्ये डेबियनच्या प्रमुखपदासाठी एकच अर्ज आला होता, तरी बिनविरोध म्हणून हार घातला नाही. रीतसर मतदान झाले.

गणपूर्तीचाही एक देखणा हिशेब त्यांच्याकडे आहे. मतदारसंख्येचे वर्गमूळ काढायचे, ते निम्मे करायचे आणि तीनने गुणायचे. हजार मतदार असतील तर ४७ आणि वर थोडे. म्हणजे निदान ४८ जणांनी एखाद्या उमेदवाराला 'कोणी नाही'च्या वर ठेवले, तरच तो शर्यतीत राहतो. "निम्म्या सदस्यांनी मत दिले पाहिजे" असा नियम स्वयंसेवी गटात हमखास फसतो, कारण निम्मी मंडळी नेहमीच परीक्षेत, बाळंतपणात नाहीतर नव्या नोकरीत असतात. शिवाय विरोधकांनी नुसते घरी बसून निवडणूक पाडायची सोय त्यात असते.

वेळापत्रक

डेबियनचे वेळापत्रक सहा आठवड्यांचे: एक आठवडा अर्ज, तीन आठवडे प्रश्नोत्तरे, दोन आठवडे मतदान. छोट्या गटाने प्रश्नोत्तरांचे तीन आठवडे दहा दिवसांवर आणले तरी चालते. मतदानाचे दोन आठवडे मात्र कमी करू नका. स्वयंसेवक हे काम शनिवार-रविवारी करतात, आणि दोन आठवड्यांत दोन शनिवार-रविवार मिळतात.

अर्जच आले नाहीत तर? २०१९ मध्ये डेबियनमध्ये तसेच झाले. मुदत संपली आणि एकही उमेदवार नाही. पण असे झाल्यास मुदत आठवड्याने वाढवायची, आणि गरज पडेल तितक्या वेळा वाढवायची, असे घटनेत आधीच लिहिलेले होते. धावपळ झाली नाही, वाढीव आठवड्यात अर्ज आले आणि निवडणूक पार पडली. तुमच्या पानावर हे कलम हवेच.

वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत जाहीर करा आणि शेजारी स्थानिक वेळही लिहा. डेबियनचे २०२४ चे मतदान शुक्रवारी १९ एप्रिलला यूटीसीप्रमाणे रात्री ११:५९ ला संपले. पुण्यात तेव्हा शनिवारची पहाट, पाच वाजून एकोणतीस मिनिटे. (गंमत म्हणजे त्याच शुक्रवारी नागपूर-चंद्रपुरात लोकसभेचे मतदान सुरू होते.) नुसते "१९ तारखेपर्यंत" लिहिले असते तर सॅन फ्रान्सिस्कोतला मतदार, पुण्यातला मतदार आणि निवडणूक अधिकारी या तिघांच्या डोक्यात तीन वेगळ्या वेळा असत्या. "मध्यरात्री १२ वाजता" असे तर कधीच लिहू नका. ती कोणत्या दिवसाची मध्यरात्र यावर आमच्याकडे चाळीस मेल झाले आहेत. आणि तारखा ठरवताना गणपती, दिवाळी, नाताळ आणि परीक्षा बघून घ्या.

मतपत्रिकेचा मेल

मतपत्रिका साध्या मजकुरात असावी. रंग, तक्ते, चित्रे काही नको. आमची साधारण अशी असते:

मतदार संकेतांक: (दहा अक्षरे)
[ ] उमेदवार पहिला
[ ] उमेदवार दुसरा
[ ] उमेदवार तिसरा
[ ] वरीलपैकी कोणी नाही

वर सूचना: कंसात आकडा लिहा, १ म्हणजे सर्वात पसंत. दोघे सारखेच वाटत असतील तर तोच आकडा दोनदा चालेल की नाही, एखादा कंस रिकामा ठेवला तर त्याचा अर्थ काय, हे दोन्ही स्पष्ट सांगा. उमेदवारांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, आडनावाच्या अक्षरावर नको.

आता यात काय काय बिघडते ते ऐका. उत्तर देताना प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला कोनाची खूण (>) येते. मोजणीच्या स्क्रिप्टला, म्हणजे मते मोजणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, ती काढून टाकता आली पाहिजे. फोनवरचे मेल ॲप लांब ओळी मध्येच तोडते. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे मतदार १ लिहिताना देवनागरी आकडा लिहितो. पायथनचे इंट हे फंक्शन देवनागरी आकडेही बिनतक्रार वाचते, पण स्क्रिप्टमधली [0-9] अशी फक्त इंग्रजी आकडे शोधणारी ओळ त्यांच्याकडे पाहतही नाही. माझ्या स्क्रिप्टने चार मते अशीच अवैध ठरवली होती, आणि ती चारही आमच्या मराठी भाषांतराच्या चमूची होती. काय बोलणी खाल्ली असतील याची कल्पना करा.

पाठवण्याच्या बाबतीत एक गोष्ट कोरून ठेवा: प्रत्येकाला वेगळा मेल. सगळे पत्ते एका ओळीत घातले की कोणीतरी 'सर्वांना उत्तर' दाबून आपले मत जगजाहीर करतोच. बीसीसीही नको, कारण संकेतांक प्रत्येकाचा वेगळा आहे आणि बीसीसीचे मेल स्पॅममध्ये जाण्याची शक्यता जास्त. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० पत्त्यांपर्यंतच मेल जातो, हेही लक्षात ठेवा. गटाच्या स्वतःच्या डोमेनवरून पाठवणार असाल तर एसपीएफ आणि डीकेआयएम या, मेल खरोखर तुमच्याच डोमेनचा आहे हे दाखवणाऱ्या नोंदी नीट आहेत का ते सर्व्हर सांभाळणाऱ्याला विचारा. त्या नसतील तर मोठ्या मेल सेवा तुमचा मेल दारातूनच परत पाठवतात.

मत कोणाचे, आणि कोणाला दिसते

मेलमधल्या 'पाठवणारा' या ओळीवर विश्वास ठेवू नका. तिथे कोणीही कोणाचेही नाव घालू शकतो. डेबियनमध्ये प्रत्येक मतदाराची जीपीजी किल्ली (डिजिटल सही करायचे साधन) आधीच नोंदलेली असते आणि मत त्या किल्लीने सही करून पाठवावे लागते. तुमच्या गटाला हे झेपणार नसेल तर वर दाखवलेला संकेतांक वापरा. तो अंदाजाने ओळखता येऊ नये. 'सदस्य-१७' हा संकेतांक नव्हे.

मत पोहोचले की पोच द्या. ही पोच यादीत नोंदलेल्या पत्त्यावर पाठवायची, ज्या पत्त्यावरून मत आले तिकडे नव्हे. दोन्ही बहुधा एकच असतात. पण कोणी दुसऱ्याच्या नावाने मत दिले असेल, तर खऱ्या मतदाराला न दिलेल्या मताची पोच मिळते आणि तो ओरडतो. या एका साध्या युक्तीने बराच ताप वाचतो. मत बदलायची मुभा द्या, शेवटचे आलेले मत धरा. डेबियनमध्येही तसेच आहे.

गुप्ततेबद्दल मात्र खरे सांगा. उत्तरी मेलने घेतलेले मत निवडणूक अधिकाऱ्याला दिसते, यावर कितीही पांघरूण घातले तरी ते तसेच राहते. डेबियनमध्ये प्रमुखाच्या निवडणुकीतली मते कायम गुप्त राहतात, नावानिशी कोणी मतदान केले एवढेच जाहीर होते. पण मोजणाऱ्या यंत्रणेवर विश्वास ठेवावाच लागतो. तो विश्वास पडताळता यावा म्हणून प्रत्येक मतदाराला एक गुप्त खूण मिळते आणि निकालानंतर त्या खुणांपुढे मते छापली जातात. आपली ओळ शोधायची, बरोबर आहे ना पाहायचे. छोट्या गटालाही पोचेबरोबर पावती क्रमांक देऊन हे करता येते.

अधिकाऱ्यालाही मत दिसू नये असे वाटत असेल तर मेलमध्ये मतपत्रिकेऐवजी लिंक पाठवा. कॉर्नेल विद्यापीठातली सीआयव्हीएस ही सेवा फुकट आहे आणि कॉन्डॉर्सेने मोजते. मात्र मतदाराला आधी तिथे आपला पत्ता सुरू करून घ्यावा लागतो, आणि हे सांगायला विसरलात तर निम्म्यांना मेल जातच नाही. ओपाव्होट पसंतीक्रमाच्या बहुतेक पद्धती मोजते. हेलिओसमध्ये मते कुलूपबंद राहतात आणि किल्ल्या विश्वस्तांकडे असतात. ऐकायला हे सर्वात भक्कम. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये सांकेतिक लिपीशास्त्रातल्या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेलाच आपली निवडणूक रद्द करून पुन्हा घ्यावी लागली, कारण तीन विश्वस्तांपैकी एकाची किल्ली हरवली आणि तिघांच्या किल्ल्यांशिवाय पेटी उघडेना. ज्यांचा धंदाच कुलपे बनवण्याचा, त्यांची ही गत. पुढच्या खेपेला त्यांनी तीनपैकी दोन किल्ल्या पुरतील असे ठरवले. तुम्ही पहिल्याच खेपेला ठरवा.

मतदान चालू असताना

आठवणीचे मेल दोन: एक मधल्या आठवड्यात, एक शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी. शेवटच्या तासाला पाठवलेला मेल म्हणजे वरातीमागून घोडे. किती मते आली हे सांगायला हरकत नाही, कोणाला किती हे मात्र अजिबात नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. उमेदवार खाजगीत विचारतील, "सहज विचारतोय, कल काय दिसतोय?" उत्तर एकच: निकालाच्या दिवशी कळेल.

मोजणी आणि निकाल

दोघा अधिकाऱ्यांनी वेगवेगळे मोजायचे, एकमेकांना न विचारता. मग आकडे जुळवायचे. जुळले नाहीत तर निकाल थांबवा आणि थांबवल्याचे सांगा. अवैध मतांची संख्या आणि प्रत्येकाचे कारण नोंदवा. स्क्रिप्ट वापरली असेल तर ती मतदानाच्या आधीच सगळ्यांना दाखवलेली असावी, आणि खोट्या मतांवर चालवून पाहिलेली असावी. त्यात निदान दोन मते देवनागरी आकड्यांची ठेवा.

मतपत्रिका नावाशिवाय जाहीर केल्या तर कोणालाही पुन्हा मोजून पाहता येते. यात एक बारीक गोम आहे. सात उमेदवार असले की क्रम लावायचे प्रकार होतात ५,०४०. चाळीस मतदारांत एखादा विचित्र क्रम सहीसारखा ओळखू येतो, आणि "खालचे पाच असेच लाव, म्हणजे तू दिलेस हे मला कळेल" असे कोणी कोणाला सांगू शकतो. म्हणून लहान गटात मी समोरासमोरच्या तुलनेचा तक्ता किंवा फेऱ्यांचा तक्ता जाहीर करतो, आणि पूर्ण मतपत्रिका फक्त उमेदवारांनी नेमलेल्या एका त्रयस्थाला दाखवतो. काहींना हे पटत नाही. त्यांचेही म्हणणे चूक नाही, पण कोणता मार्ग घ्यायचा हे नियमांच्या पानावर आधीच लिहिलेले असले पाहिजे.

निकाल जाहीर करण्यापूर्वी हरलेल्या उमेदवारांना वैयक्तिक मेल करा. दोन ओळी पुरतात. निकालाच्या मेलमध्ये पात्र मतदार, आलेली मते, अवैध मते, तक्ता, निवडून आलेले आणि तक्रारीची मुदत एवढे हवे. तक्रारीला सात दिवस द्या, आणि ती अधिकाऱ्यांनी स्वतः न ऐकता आधीच नेमलेल्या तिसऱ्या माणसाने ऐकावी.

मुदत संपली की संकेतांक आणि नावे जोडणारी यादी पुसून टाका, बॅकअपमधूनही, आणि पुसल्याचे गटाला कळवा. नियमांचे पान, चाचणी मेलचा मजकूर, स्क्रिप्ट आणि काय काय चुकले याची टिपणे एका फोल्डरमध्ये ठेवून पुढच्या वर्षीच्या अधिकाऱ्याकडे द्या. मला मिळालेला फोल्डर रिकामा होता.